टाचेवरचा भार

२९ सप्टेंबर १८२९ रोजी लंडनच्या रस्त्यांवर निळ्या कोटातले नवे पोलीस पहिल्यांदा गस्तीला निघाले. गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी उभारलेल्या या दलातल्या शिपायाचे मुख्य काम म्हणजे चालणे. प्रत्येकाला ठरावीक गल्ल्यांचा फेरा नेमून दिलेला असे आणि तो तासाला अडीच मैल, म्हणजे साधारण चार किलोमीटर, अशा संथ चालीने पुरा करायचा असे. पायांत जड बूट, खाली दगडी फरसबंदी आणि पाळी संपेपर्यंत बसायची सोय नाही. या शिपायांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती देणारा कायदा झाला १९१० साली, दल सुरू झाल्यावर तब्बल ८१ वर्षांनी.

या चाकरीने इंग्रजी वैद्यकाला एक नाव दिले: ‘पोलिसमन्स हील’, पोलिसाची टाच. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवावे आणि टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला, सणकन कळ यावी, माणसाने भिंत धरून चार पावले लंगडत टाकावीत, मग हळूहळू पाय मोकळा व्हावा. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा तीच ठणक. आज अस्थिरोगतज्ज्ञाकडे टाच दाखवायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार हीच असते. या दुखण्याला आता ‘प्लँटर फॅशियायटिस’ म्हणतात. पोलिसाचे नाव मागे पडले, पण त्या जुन्या नावात एक गोष्ट नेमकी पकडली गेली होती. दुखणे कुठे आहे यापेक्षा ते कोणाला होते, हे त्या नावाने सांगितले होते.

टाचदुखीचे असे दोन इतिहास आहेत. एक दवाखान्यातला, जिथे वैद्य आणि डॉक्टर टाचेच्या आत कारण शोधत राहिले. दुसरा गिरणीतला, दुकानातला, स्वयंपाकघरातला, जिथे माणसे तासन्‌तास उभी राहून पोट भरत होती. हे दोन इतिहास फार काळ एकमेकांना भेटलेच नाहीत, आणि त्याची किंमत उभ्याने राबणाऱ्यांनी मोजली.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत या भागातल्या वेदनेची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधींच्या अध्यायात, ‘वातकंटक’ नावाचा विकार येतो. पाऊल वेडेवाकडे पडले की वायू पायाच्या सांध्यापाशी ठाण मांडतो आणि वेदना करतो, असा त्याचा आशय. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात हाच विकार सांगताना पाऊल विषम पडण्याच्या जोडीला आणखी एक कारण नोंदवले, ते म्हणजे श्रम. ग्रंथांतले वर्णन घोट्याभोवतीचे आहे, पण वैद्यांच्या व्यवहारात टाचेचे दुखणे याच नावाखाली येत राहिले. त्यावर रक्तमोक्षण, म्हणजे रक्त काढणे, आणि अग्निकर्म, म्हणजे तापलेल्या शलाकेने डाग देणे, हे उपाय होत. सुश्रुताने पायाला पडणाऱ्या भेगांचे, ‘पाददारी’चेही वर्णन केले आहे, आणि तिथेही रोगी आहे तो खूप चालणारा, ज्याचे पाय रुक्ष झाले आहेत असा माणूस. हाड, पट्टा, कंडरा यांची आजच्यासारखी ओळख नसतानाही चालणे आणि कष्ट यांच्याकडे या ग्रंथकारांचे लक्ष होते, हे विसरता येत नाही.

युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोध वेगळ्या दिशेने गेला. तळपायाच्या या दुखण्याचे पहिले वैद्यकीय वर्णन १८१२ साली विल्यम वुड यांनी केले, असे मानले जाते. त्यांनी दोष दिला क्षयाला. त्या काळात क्षयाने घरेच्या घरे रिकामी होत होती. हाडे, सांधे, मणका यांच्या चिवट दुखण्यामागे क्षय असण्याची शंका येणे स्वाभाविक होते. टाचही त्या संशयातून सुटली नाही.

मग ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि काही वर्षांतच जिवंत माणसाचे हाड काचेवर दिसू लागले. टाचेचा बाजूने फोटो घेतला की काहींच्या हाडाच्या तळाशी पुढच्या दिशेने वाढलेला एक टोकदार काटा दिसे. जर्मनीत प्लेटनर यांनी १९०० साली या वाढलेल्या हाडाचे वर्णन केले. दुखणाऱ्या टाचेत काटा दिसतो आहे, म्हणजे काटाच टोचतो आहे, हा तर्क इतका सरळ होता की डॉक्टर आणि रोगी दोघांनीही तो तत्काळ मानला. आजही आपल्याकडे ‘टाचेचं हाड वाढलंय’ हे वाक्य रोगनिदान म्हणून घरोघरी ऐकू येते.

हाड का वाढते, याचे उत्तर १९०६ साली बाल्टिमोरच्या विल्यम बेअर यांनी दिले, आणि ते उत्तर रोग्यांसाठी वाईट ठरले. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या या अस्थिशल्यविशारदाने काही रुग्णांच्या वाढलेल्या हाडात परम्याचे जंतू सापडल्याचे लिहिले. त्यानंतर कित्येक वर्षे टाचेचा काटा आणि परमा यांचा संबंध पाठ्यपुस्तकांत राहिला. दिवसभर उभे राहून थकलेला माणूस टाच दाखवायला गेला तर त्याच्या चारित्र्याची चौकशी होण्याची वेळ आली. यात एक कण तथ्याचा होता. काही जंतुसंसर्गांनंतर सांधे आणि कंडरांच्या मुळाशी सूज येते आणि त्यात टाचही दुखते, हे आज माहीत आहे. पण तो अपवाद नियम म्हणून वापरला गेला.

दरम्यान शस्त्रक्रिया सुरू झाल्याच होत्या. काटा दिसतो तर काटा काढा. अनेकांना बरे वाटले, अनेकांना वाटले नाही, आणि काहींच्या टाचेत काटा नसतानाही तीच कळ येत होती. उलट दुसऱ्याच कारणासाठी पायाचा फोटो काढलेल्या, टाच कधीही न दुखलेल्या माणसांतही काटा आढळू लागला. पुढे बारकाईने पाहता लक्षात आले की हा काटा पुष्कळदा तळव्याच्या कातडीखालच्या चिवट पट्ट्यात नसतोच; तो त्याच्या वरच्या थरात, बोटे वाकवणाऱ्या एका छोट्या स्नायूच्या मुळाशी असतो. टाचेवर वर्षानुवर्षे पडलेल्या ताणाची ती एक खूण असू शकते. दुखण्याचे मूळ म्हणून मात्र तिच्यावर विसंबता येत नाही.

टाच कशी काम करते, हे नीट समजायला १९५४ साल उजाडावे लागले. बर्मिंगहॅमचे जे. एच. हिक्स यांनी पायाच्या यांत्रिकीवर त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. तळव्याच्या कातडीखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पांढरा पट्टा गेलेला असतो. तोच प्लँटर फॅशिया. पाऊल उचलताना टाच वर जाते, बोटे वर वळतात आणि रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो. पट्टा ताणला गेला की तळव्याची कमान उंचावते, पाय कडक होतो आणि शरीर पुढे ढकलता येते. हा रहाट प्रत्येक पावलाला फिरतो. त्याचा सगळा ओढा पट्ट्याच्या मागच्या टोकाशी, टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटतो त्या जागी येतो, आणि कळ येते ती नेमकी तिथेच.

रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पाऊल खाली झुकलेले असते, पट्टा आखडलेला राहतो. सकाळी अचानक सगळे वजन त्यावर आले की दुखावलेली जागा पुन्हा ताणली जाते. पहिल्या पावलाची ती कळ इतकी ठरावीक का असते, याचा उलगडा यातून होतो.

या पट्ट्याखाली टाचेला आणखी एक संरक्षण आहे, चरबीची गादी. दीड-दोन सेंटीमीटर जाडीची ही चरबी चिवट तंतूंच्या छोट्या-छोट्या कप्प्यांत बंद असते, त्यामुळे दाब आला तरी ती इकडेतिकडे पसरत नाही. वय वाढले की या कप्प्यांची लवचीकता कमी होते. मग दुखणे टाचेच्या मधोमध, कडक फरशीवर अनवाणी चालताना जाणवते आणि सकाळपेक्षा दिवसभराच्या राबणुकीनंतर वाढते. टाचेत वारंवार स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्याने ही गादी झिजू शकते आणि पट्टाही तुटू शकतो, म्हणून जाणते डॉक्टर सुई हातात घेण्याआधी पुष्कळ विचार करतात.

टाच दुखण्याची इतर कारणेही विसाव्या शतकात एकेक करून वेगळी काढली गेली. बोस्टनचे जेम्स सेव्हर यांनी १९१२ साली वाढत्या वयातल्या, खेळणाऱ्या मुलांच्या टाचदुखीचे वर्णन केले. टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून जुळून आलेला नसतो आणि पोटरी त्याला ओढत असते, म्हणून ती दुखते. वाढ पुरी झाली की हे दुखणे आपोआप थांबते. स्वीडनच्या पॅट्रिक हॅग्लुंड यांनी १९२८ साली टाचेच्या मागच्या बाजूला, बुटाची कड घासते तिथे वाढलेल्या हाडाकडे लक्ष वेधले. लांब कवायतींनी सुजणाऱ्या, दुखणाऱ्या सैनिकांच्या पावलांचे वर्णन तर प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ सालीच केले होते; त्यामागे पायाच्या हाडांना गेलेले बारीक तडे असतात, हे पुढे कळले. तसा तडा टाचेच्या हाडालाही जाऊ शकतो. दोन्ही बाजूंनी टाच दाबली की तो दुखतो. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही तासभर आखडलेली असेल, तर मणक्याच्या संधिवाताची तपासणी करावी लागते.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या समजुतींना दोन धक्के बसले, दोन्ही २००३ साली. फिलाडेल्फियाच्या हार्वी लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पट्ट्याचे ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. नावातच सूज सांगणाऱ्या या आजारात त्यांना सुजेच्या पेशी सापडल्या नाहीत. सापडली ती झीज, तंतूंची मोडतोड आणि भरून येण्याचे अर्धवट राहिलेले प्रयत्न. त्याच वर्षी अमेरिकेतले भौतिकोपचारतज्ज्ञ डॅनियल रिडल आणि त्यांच्या गटाने टाचदुखीचे ५० रुग्ण आणि त्यांच्याशी जुळणारे १०० निरोगी लोक यांची तुलना केली. तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: घोटा वरच्या दिशेला पुरेसा न वाकणे, वजन जास्त असणे आणि कामाचा बहुतेक दिवस पायांवर काढणे.

वाग्भटाने नोंदवलेला श्रम अशा रीतीने आकड्यांसह परत आला. लंडनच्या शिपायाच्या नावाने जे सांगितले होते, ते आता संशोधनात उतरले.

हा दुसरा इतिहास मुंबईत पाहायला हवा, कारण उभ्या कामाची एवढी मोठी वस्ती हिंदुस्थानात दुसरीकडे क्वचितच उभी राहिली. शहरातली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग आणि भायखळ्याच्या परिसरात कोकण आणि घाटावरून आलेली हजारो माणसे भोंग्याच्या हुकमतीखाली राबू लागली. कताई खात्यात कामगार चात्यांच्या लांबलचक रांगेपुढे येरझाऱ्या घालत तुटलेला धागा जोडत असे. साचेखात्यात विणकर दोन मागांच्या मधल्या बोळात उभा राहून कांडी बदलत, ताणा सांभाळत असे. बसण्याचा प्रश्नच नव्हता. जॉबर, म्हणजे मुकादम, मागे उभा असे आणि माग थांबला की मजुरी बुडे.

सुरुवातीला कामाचे तास सूर्य ठरवत असे. उजाडले की गिरणी सुरू, दिवेलागणीला बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची ती मर्यादाही उरली नाही. काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. या गिरणगावाच्या आरोग्याबद्दल बोलताना छातीत जाणाऱ्या कापसाच्या तंतूंची आणि यंत्रात सापडलेल्या बोटांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पायांची चर्चा फार कमी झाली, कारण पाय दुखतात म्हणून कोणी मरत नव्हते. ते दुसऱ्या दिवशी भोंग्याला हजर होत.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी या माणसांच्या थकव्याला पहिल्यांदा संघटित आवाज दिला. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले हे कार्यकर्ते ‘दीनबंधु’ पत्र चालवत होते आणि १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या मागण्यांत आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्यात स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लंडनच्या गस्ती पोलिसाला असा दिवस कायद्याने मिळायला त्यानंतर आणखी १९ वर्षे लागली.

पुढचा लढा तासांचा होता आणि तो इंचाइंचाने पुढे सरकला. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १९११ च्या कायद्याने दिवसाला बारा तासांची हद्द घातली, १९२२ ने अकरा तासांची आणि आठवड्याला साठ तासांची, १९३४ ने दहा तासांची, १९४६ ने नऊ तासांची. यात कामगारांच्या पायांवरचा भार वाढवणारे प्रयत्नही झाले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मालकांनी एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी योजना आणली. १९२८ च्या प्रचंड संपात, जो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, हे वाढीव काम एक मोठे कारण होते. एक माग वाढणे म्हणजे त्या बोळातल्या किती येरझाऱ्या वाढणे, हे विणकराला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कायद्याच्या पुस्तकात बसण्याचा हक्क उघडपणे लिहिला गेला तो दुकानांच्या निमित्ताने. व्हिक्टोरियन काळातल्या ब्रिटनमध्ये मोठमोठी कापड दुकाने उघडली आणि त्यांत काम करणाऱ्या मुली दिवसाचे बारा-बारा तास काउंटरमागे उभ्या राहू लागल्या. त्यांच्यासाठी १८९९ साली स्वतंत्र कायदा झाला. दर तीन स्त्री नोकरांमागे दुकानदाराने एक बैठक ठेवावी, एवढेच त्यात सांगितले होते. तीन जणींत एक स्टूल. आज हे फारच थोडे वाटते, पण उभे राहणे हा नोकरीचा अटळ भाग नाही, हे संसदेने त्यात मान्य केले होते.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचे कलम ४४ याहून पुढे गेले. ज्यांना उभ्याने काम करणे भाग आहे अशा सर्व कामगारांसाठी बसण्याची योग्य सोय करावी, म्हणजे कामाच्या ओघात विश्रांतीची संधी मिळाली की त्यांना ती घेता येईल, असे त्यात म्हटले होते. मात्र तो कारखान्यांचा कायदा. साडीच्या दुकानात ठाणे उलगडून दाखवणारी, मॉलमध्ये अत्तर हातावर फवारणारी, औषधांच्या काउंटरवर उभी असणारी मुलगी त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

ही उणीव भरून काढायला केरळातल्या बायकांना रस्त्यावर यावे लागले. कोळिकोडच्या मिठाई तेरुवु या गजबजलेल्या बाजारात शिवणकाम करणाऱ्या विजी पी. यांनी दुकानांतल्या स्त्री कामगारांना एकत्र केले. आधी स्वच्छतागृहासाठी, मग बसायला जागा मिळावी म्हणून. काम नसतानाही गिऱ्हाइकाची वाट पाहत उभेच राहायचे, भिंतीला टेकले तरी पगार कापला जायचा, अशी त्यांची तक्रार होती. पाय सुजणे, शिरा फुगणे आणि टाचा दुखणे हे त्या कामाचेच भाग झाले होते. केरळ सरकारने २०१८ साली दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ साली तमिळनाडूने तोच मार्ग धरला.

उभ्या कामाचे आणखी एक ठिकाण आहे, ज्याला हजेरीपट नाही आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत स्वयंपाक बसून होत असे. चूल जमिनीवर. विळी पायाखाली धरून भाजी चिरायची, काठवटीत भाकरी थापायची, पाट्यावर चटणी वाटायची, जात्यावर दळायचे, सगळे बसून. हा काही सुखाचा काळ नव्हता. धुराने डोळे जात, छाती भरत असे आणि गुडघे व कंबर वेगळ्या रीतीने झिजत. पण टाचांना सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे वजन पेलावे लागत नव्हते, आणि उकिडवे बसताना घोटा पुरता वाकत असे, पोटरी ताणली जात असे.

मग रॉकेलचा स्टोव्ह आला आणि पाठोपाठ गॅस. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाच्या गॅसची सिलिंडरे विकायला सुरुवात केली. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी, हा गॅसच्या सुरक्षेचा मूळ नियम, त्यामुळे जमिनीवरची शेगडी बाद झाली आणि कडप्प्याचा ओटा आला. ओट्याबरोबर विळीची सुरी झाली, पाट्याचा मिक्सर झाला आणि भाकरीची परातही वर चढली. स्वयंपाकघर स्वच्छ झाले, धूर गेला, पाठ सरळ झाली. फक्त बाई उभी राहिली, ती उभीच राहिली.

त्यात पाय अनवाणी. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची. सारवलेल्या जमिनीवर ती जाचत नसे. शहाबादी फरशी, मोझॅक आणि आता काचेसारखी गुळगुळीत टाइल यांवर तीच शिस्त टाचांना सोसत नाही. आज डॉक्टर घरात वापरायला मऊ, टाचेकडे किंचित उंच चप्पल सुचवतात तेव्हा अनेक घरांत पहिला अडथळा येतो तो सासूबाईंच्या नापसंतीचा. स्वयंपाकघरापुरती वेगळी, धुऊन ठेवलेली चप्पल, असा मध्यममार्ग आता पुष्कळ घरांनी काढला आहे, आणि तो काढायलाच हवा होता.

घरोघरीचे उपाय याच कष्टांतून आले. सर्वांत माहितीतला म्हणजे विटेचा शेक. वीट चुलीत किंवा शेगडीवर तापवायची, तिच्यावर रुईचे पान ठेवायचे, आणि सोसेल इतकी ऊब राहिली की त्यावर टाच टेकवायची. पान करपू लागले की दुसरे पान. आयुर्वेदातल्या स्वेदनाचे हे घरगुती रूप, आणि उबेने आखडलेल्या पट्ट्याला तात्पुरता आराम मिळतो, हे खरे आहे. भेगा पडलेल्या टाचांवर कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल चोळतात. मुठेल किंवा भिरंडेल या नावाने त्याचे गोळे बाजारात मिळतात. आषाढी वारीच्या वाटेवर, आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांना तेल लावण्याची सेवा गावोगाव होते. शेतीची कामे करणाऱ्या पायांनासुद्धा रोजची इतकी चाल नवी असते, आणि अचानक वाढलेला भार हे टाच दुखण्याचे एक नेहमीचे कारण आहे. बिब्ब्याचे चटके आणि डाग देणे मात्र धोक्याचे. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाने तर गरम विटेपासूनही दूर राहावे. भाजल्याचे त्याला कळतही नाही आणि जखम महिनोन्‌महिने चिघळते.

आधुनिक उपचारांत सर्वांत भरवशाचा उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे बेनेडिक्ट डिजिओव्हानी यांनी २००३ साली १०१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तो पुढे आला. बिछान्यात बसायचे. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा. हाताने बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढायची आणि दहा अंक मोजेपर्यंत धरून ठेवायची. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला तर पट्टा तारेसारखा ताठ झालेला लागतो. तो तसा लागला म्हणजे ताण बरोबर जागी पडतो आहे. असे दहा वेळा, आणि पहिले पाऊल जमिनीवर टेकवण्याआधी. पुढे डेन्मार्कमधल्या अभ्यासांत बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, पायरीच्या कडेवर टाचा सावकाश उचलण्याच्या व्यायामाचाही फायदा दिसला. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेविना बरी होते, मात्र त्याला कित्येक महिने लागतात.

आणि इथेच दोन्ही इतिहास एकत्र यावे लागतात. बिछान्यात ताणलेला पट्टा दिवसभर कडक फरशीवर दहा तास उभा राहणार असेल, तर व्यायामाचे फळ निम्मे वाया जाते. विश्रांती घ्या, हा सल्ला सुरक्षारक्षकाला, बस कंडक्टरला, परिचारिकेला, वडापावच्या गाडीवाल्याला, दोन घरांची धुणीभांडी करून तिसऱ्या घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईला पाळता येत नाही. त्यांच्यासाठी उपचार म्हणजे स्टूल, पायाखालची रबरी चटई, पाळीपाळीने बसण्याची परवानगी आणि तासांची हद्द. यातले काहीही औषधाच्या दुकानात मिळत नाही. रविवारची सुट्टी सभा घेऊन मिळवली गेली, तीन जणींमागचे स्टूल संसदेतून आले आणि मिठाई तेरुवुतली खुर्ची घोषणा देऊन. रुग्णाच्या केसपेपरवर वजन आणि साखर लिहिली जाते, तसे तो दिवसाचे किती तास उभा असतो आणि मध्ये बसू शकतो का, हेही लिहिले गेले पाहिजे. डॉक्टरने मालकाच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी द्यायला संकोचू नये, आणि केरळ व तमिळनाडूने दुकानांसाठी जे केले ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक काउंटरमागे प्रत्यक्ष दिसावे, अशी मागणी ज्या शहराने लोखंडे घडवले त्या शहरातून व्हायला हवी.